पिन लावलेलं पान

माझ्या चित्रकलेचा जन्म एका सरकारी प्रशिक्षणात झाला. विषय होता, मुलांची हजेरी मोबाईलवर कशी भरावी. सांगणारे गृहस्थ इतके सावकाश बोलत होते की चहाआधी उघडलेलं वाक्य त्यांनी जेवणानंतर बंद केलं. मी सुरत महापालिकेच्या मराठी शाळेत लहान वर्गांना शिकवते. एका जागी गप्प बसायची मला सवय नाही. ते काम आमच्याकडे मुलांनी करायचं असतं, आणि तीही करत नाहीत. तर माझ्या मांडीवर डायरी होती, हातात पेन होतं, आणि पुढच्या खुर्चीवरच्या बाईंचा भला मोठा अंबाडा थेट डोळ्यांसमोर होता. मी तो काढला.

शेजारच्या बाई वाकून बघत कुजबुजल्या, "फ्लॉवर छान मिळालाय हो. काय भाव?"

मला असं हसू फुटलं की तोंडात पदर कोंबून बसावं लागलं. प्रशिक्षकांना वाटलं, बाईंना हजेरीच्या विचाराने भरून आलंय. त्यांनी पाणी मागवलं. पाणी पिता पिता मी अंबाड्याखाली दोन पानं काढली आणि तो अधिकृतपणे फ्लॉवर करून टाकला.

घरी येताना रिक्षात मी तो फ्लॉवर पुन्हापुन्हा बघत होते. वाईट होता. अगदी मनापासून वाईट होता. आणि मला विलक्षण मजा येत होती! आयुष्यात मी जे काही केलं त्याला कुणीतरी मार्क दिले होते. शाळेत बाईंनी, डी.एड.ला परीक्षकांनी, पोळ्यांना सासूने. या फ्लॉवरला मार्क देणारं कुणी नव्हतं.

आता डायरीचं म्हणाल तर सुरतेत डायऱ्यांना तोटा नाही. दिवाळी आली की रंगवाले, दोरेवाले, खोकीवाले, ट्रान्सपोर्टवाले, सगळे कापडबाजारात डायऱ्या वाटत सुटतात. आमचे हे साड्यांच्या प्रिंटची डिझाईनं काढणाऱ्या स्टुडिओत काम करतात, त्यामुळे तो सगळा पूर आमच्या डिंडोलीच्या घरात येऊन साचतो. दुधाला एक डायरी, इस्त्रीवाल्याला एक, आणि उरलेल्या कपाटाच्या पायाखाली. माझी डायरी मरून रंगाची होती, पहिल्या पानावर लक्ष्मी, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी एक सुविचार छापलेला. मी सुविचारांवर चित्रं काढायला लागले.

नियम मी स्वतःच केले. खोडरबर वापरायचं नाही. पान फाडायचं नाही. आणि "मला येत नाही" असं म्हणायचं नाही, कारण ते सगळ्यांना दिसतंच आहे. मग काय, मी सुटले. कुकर काढला. दारातल्या चपला काढल्या. मुख्याध्यापकांचा चष्मा काढला, म्हणजे चित्रात काढला. आणि एका दुपारी, टीव्हीसमोर तोंड उघडं टाकून झोपलेल्या माझ्या सासूबाई काढल्या.

सासूबाई खानदेशातल्या. मी नाशिककडची. त्या आणि हे घरात अहिराणी बोलतात. मला सगळी समजते, पण मी बोलायला गेले की आई पोट धरून हसतात, म्हणून मी आपली माझी मराठी सांभाळून असते. तर आई उठल्या आणि त्यांनी डायरी ओढून घेतली.

"हाई कोन शे?"

"तुम्हीच, आई."

"मन्हं तोंड इतलं उघडं ऱ्हास?"

"झोपेत राहतं थोडं."

"मंग जागी शे तवय काढ ना, मास्तरीनबाई!"

दुसऱ्या दिवशी त्या ठेवणीतलं लुगडं नेसून, नथ घालून खुर्चीवर बसल्या. मतदान ओळखपत्राच्या फोटोला बसतात तशा. श्वाससुद्धा मोजून घेत होत्या. चित्र झालं तेव्हा त्यात बटाट्याच्या पोत्याला नथ घातल्यासारखं काहीतरी दिसत होतं. मी घाबरत घाबरत दाखवलं. आईंनी ते हाताभराच्या अंतरावर धरलं, मान डावीकडे केली, उजवीकडे केली, आणि म्हणाल्या, "नथ मस्त उनी." नथ तेवढी छान आली होती. मग डायरी काखेत मारून त्या गल्लीत दाखवायला निघाल्या. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत, समोरच्या गुजराती भाभीपासून कोपऱ्यावरच्या पाणीपुरीवाल्यापर्यंत, सगळ्यांना कळलं की आमच्या घरात चित्रकार आहे. आणि गंमत म्हणजे, तो चित्रकार म्हणजे मी, असं सगळ्यांना कळलं.

कारण खरा चित्रकार त्याच वेळी कामावरून येऊन दारात चपला काढत होता.

यांच्याबद्दल आता जरा आदराने सांगते, म्हणजे पुढे यांची टर उडवता येईल. हे अगदी तरुणपणी खानदेशातून सुरतेला आले ते हातातल्या ब्रशच्या जोरावर. तेव्हा साडीची डिझाईनं कागदावर हाताने काढत. फूल, पान, वेल, कोयरी. हे सोपं वाटतं. पण त्यातली मेख अशी, की कागद एवढासा आणि साडी लांबलचक. तोच चौकोन एकापुढे एक, एकापुढे एक छापत जायचा. म्हणजे चौकोनाच्या उजव्या काठावर जी वेल तुटली, ती डाव्या काठावर नेमकी त्याच जागेवरून पुढे निघाली पाहिजे. वरची खालीही जुळली पाहिजे. याला रिपीट म्हणतात. तो केसभर चुकला तर अख्ख्या साडीवर ठिकठिकाणी फट दिसते, आणि पार्टी माल परत पाठवते. पार्टी म्हणजे माल घेणारा व्यापारी. सुरतेत देवानंतर पार्टी, आणि मंदीच्या दिवसांत उलटा क्रम.

यांचा रिपीट कधीही चुकला नाही. बाजारात यांची तीच ओळख. घरी मात्र आम्ही त्याची फळं भोगतो. हे चादर घालतात तर तिची दोन्ही टोकं जुळेपर्यंत आम्हाला झोपू देत नाहीत.

तर यांनी हात धुतले, माझी डायरी चाळली आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "हे कुणासाठी आहे?"

"कुणासाठी म्हणजे?"

"पार्टी कोण?"

"पार्टी नाहीये. मी काढते. मला मजा येते."

"मग पास कोण करतं?"

"कुणीच नाही!"

यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी सांगितलं की मी रोज एक साडी छापते आणि तापीत सोडून देते.

दोन दिवसांनी मी स्वयंपाकघरात असताना यांनी काय करावं? माझ्या डायरीतला आंबा सुधारला! मी काढलेला आंबा एका बाजूला कलंडलेला होता, थोडा सडका दिसत होता, त्याच्या देठाची आणि त्याची ओळख नव्हती. बाहेर येऊन बघते तर तिथे एक देखणी कोयरी, तिला जोडीची दुसरी कोयरी, मधून नाजूक वेल, आणि पोटात ठिपक्यांची रांगोळी. पदरावर छापायला तयार.

मी हातातला झारा तसाच घेऊन बाहेरच्या खोलीत उभी राहिले. झारा हातात असला की माझा आवाज आपोआप वर जातो. "आई, न्याय करा! माझा आंबा कुठे आहे?"

"अगं, हा काय," हे म्हणाले. "नीट केला."

"मी सांगितलं होतं नीट करायला?"

"तो सडका दिसत होता."

"सडका होता, पण माझा होता!"

आईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. आमच्या घरात हे फक्त लग्नाच्या बोलणीला आणि मृत्यूच्या बातमीला होतं. त्यांनी डायरी मागवून घेतली, दोन्ही कोयऱ्या न्याहाळल्या आणि मुलाला निकाल दिला, "भाऊ, तिना आंबा तिले परत दे."

"आते कसा देऊ, माय? गया तो."

"मंग तू तुन्हा काढ. तिन्या वहीमा कसाले हात घालस?"

यावर हे हसले नाहीत. मला वाटलं होतं, हसतील. ते जेवले, हात पुसले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी भांडी आवरून मागोमाग गेले, कारण विजयी माणसाला हरलेल्याच्या शेजारी उभं राहायला फार आवडतं.

तिथे यांनी सांगितलं ते असं. स्टुडिओत नवीन कॉम्प्युटर आलेत. हात तर केव्हाच कागदावरून स्क्रीनवर गेला होता, पण वेल जुळवायचं काम यांचंच होतं. आता त्यासाठी एक बटण आहे. शेठ सगळ्यांसमोर, आपुलकीनेच, म्हणाले होते, "जुओ, बटन दबावो एटले जोडाई जाय. हवे तमे आराम करो." बटण दाबलं की जुळतं, आता तुम्ही आराम करा. आराम म्हणजे, पोरं काढतील, तुम्ही फक्त नजर टाका. पगार तोच. खुर्ची उलट मोठी मिळाली.

"मग चांगलंच आहे की," मी म्हणाले.

"चांगलंच आहे," हे म्हणाले. "पण जोडणं काढून घेतलं तर हातात काही उरतं का, तेच कळत नाही. इतकी वर्षं मी एक रेघ अशी मारली नाही, जी कुणी पास केली नाही. तू तुझे ते फ्लॉवर काढतेस ना, तसं एक तरी मला काढून बघायचंय. कुणी पास करायचं नाही असं. येतं का बघायचं."

आता मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी चुकीच्या वेळी विनोद केले आहेत. त्या रात्री केला नाही. मी आत जाऊन कपाटाच्या पायाखालची एक डायरी ओढली, निळी, कुठल्याशा दोरेवाल्याची, आणि यांच्या हातात दिली. कपाट त्या दिवसापासून जरा डुलतं.

मग आमच्या घरात जो प्रयोग सुरू झाला, त्याला तिकीट लावायला हवं होतं.

पहिल्या दिवशी हे पाट मांडून बसले. पट्टी, पेन्सिल, तीन प्रकारची खोडरबरं, शार्पनर. मी म्हणाले, "अहो, हे ऑपरेशन आहे का?" यांनी पट्टी बाजूला ठेवली, पण नजरेच्या टप्प्यातच. मग गॅलरीतली तुळस काढली. सुंदर काढली! एक पान इकडे, एक पान तिकडे, बरोब्बर सारखी, कुंडीवर नक्षी, आणि खाली, हाताला राहवलं नाही म्हणून, किनार. आई म्हणाल्या, "हाई तर साडी शे." यांनी पान उलटून टाकलं.

दुसऱ्यांदा कुकर. मी कुकर काढला होता, म्हणून असेल. कुकर झाल्यावर हे डायरी घेऊन स्वयंपाकघरात आले आणि माझ्यापुढे धरून उभे राहिले.

"कसा झालाय?"

"मला का विचारता?"

"सांग ना. बरा आहे ना?"

"पास!" मी म्हणाले आणि पोळपाटावर लाटण्याचा शिक्का मारला.

यांच्या लक्षात आलं. डायरी मिटत म्हणाले, "झाली ना तू पार्टी."

तेव्हापासून मी लांबून बघायला लागले. आणि लांबून मला जे दिसलं ते मी लग्नानंतर इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. यांचं पेन पानाच्या उजव्या काठाजवळ गेलं, की यांचे डोळे टुणकन डाव्या काठाकडे उडी मारत. पेन वर गेलं की डोळे खाली. स्वयंपाक करताना एक डोळा दुधावर असतो ना, तसं. पान संपायच्या आधीच नजर पलीकडे जाऊन जागा धरून ठेवायची. मी आईंना खुणेनं दाखवलं. आम्ही दोघी पडद्याआडून ते डोळे बघत बसायचो, टेनिसची मॅच बघावी तशा.

मग आला कुत्र्याचा रविवार.

सकाळी हे गॅलरीत बसले आणि ठरवून, समोर दिसेल ते काढायचं म्हणून, गल्ली काढायला लागले. तुळस नाही, कोयरी नाही. विजेच्या तारा, समोरच्या घराच्या दोरीवरचे टॉवेल, पाण्याची काळी टाकी, उभी मोपेड. गल्लीतलं पिवळं कुत्रं मध्येच आलं, तेही काढलं. हे इतके रमले की पोहे निवले, आणि निवलेले पोहे या घरात कधीच कुणी माफ केलेले नाहीत. डायरी घेऊन आत आले तेव्हा चेहरा उजळला होता. "बघ," म्हणाले, "यात काय आहे का साडीसारखं?"

खरंच नव्हतं. वाकड्या तारा, लोंबणारे टॉवेल, सगळं होतं तसं. मी मनापासून "वा" म्हणणार, एवढ्यात मला कुत्रं दिसलं. पानाच्या उजव्या टोकाला कुत्र्याचं मागचं अर्धं अंग होतं. शेपूट, मागचे पाय, पोट, आणि तिथे पान संपलं. ठीक आहे, कुत्रं चाललंय पानाबाहेर. पण मग डाव्या टोकाला हे डोकं कुणाचं? डोकं, पुढचे दोन पाय, कान उभे.

मी पानाचा उजवा काठ मागून वळवून डायरीच्या शिवणीपाशी, डाव्या काठाला नेऊन टेकवला. कुत्रं जुळलं. केसभर फट नाही. वरच्या तारा तारांना मिळाल्या. एका टॉवेलची उरलेली बाही, म्हणजे टॉवेलला बाही नसते, पण जे काय होतं ते, पलीकडच्या टॉवेलला जाऊन चिकटलं. ते पान छापत गेलं असतं तर डिंडोलीपासून पलसाण्यापर्यंत आमची गल्ली अखंड गेली असती, दर हातावर एक कुत्रं.

मी हसले. मी काय करू? तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता. मी जमिनीवर बसून हसले. आई चष्मा शोधत आल्या, त्यांनी कुत्रं जोडून बघितलं, सोडून बघितलं, परत जोडून बघितलं, आणि त्याही बसल्या.

हे मात्र डायरीकडेच बघत होते. "हे मी केलं?" म्हणाले. "मला कळलंसुद्धा नाही." मग डायरी मिटून टीव्हीच्या खाली सारली, पोहे गरम करायला न सांगता तसेच खाल्ले, आणि म्हणाले, "जाऊ दे. माझा हात आता माझा नाही. ज्याचा आहे त्याने बटण लावलंय."

आईंनी मला डोळ्यांनी विचारलं, आता? मी पुढचे कितीतरी दिवस यांना चिडवलं नाही. हे यांना फारच विचित्र वाटलं असावं, कारण एकदा यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

हिवाळ्यात सुरतेला पोंक येतो. आपला हुरडाच तो, ज्वारीचा, कोवळा, हिरवागार. पण इथे तो शेव, लिंबू-मिऱ्याची शेव, साखरेचे दाणे आणि ताक अशा लवाजम्यासह खातात. तापीच्या काठी त्याचे मांडव पडतात. दरवर्षी आम्ही आईंना नेतो, आणि दरवर्षी आई शपथ घेतात की पुन्हा येणार नाही, कारण हुरड्यावर शेव टाकणं हा त्यांच्या मते गुन्हा आहे. मग त्या दोन ताटल्या खातात.

त्या हिवाळ्यातल्या एका रविवारी आम्ही एक बाक धरला. एका टोकाला हे, समोरच्या खुर्चीत आई, आणि मी ताटल्या आणायला उभी. माझी मरून डायरी बाकावर होती, कारण मी तिच्याशिवाय कुठेही जात नाही. पोंकवाल्याने आईंच्या ताटलीत न विचारता शेव टाकली, आणि आईंचं भाषण सुरू झालं.

"आमना हुरडाले असं कोनी करत नही! आगटीवर भाजतस, हातवर चोळतस, तोंडमा टाकतस! हाई काय, भेळ शे?" एका हाताने त्या शेव वेचून बाजूला काढत होत्या, दुसऱ्या हाताने पोंक तोंडात टाकत होत्या, आणि बोलणं तिसऱ्याच कुठल्यातरी अवयवाने चाललं होतं. मान हलत होती, पदर घसरत होता, पोंकवाला हात जोडून "बा, बा", म्हणजे आजी-आजी, करत होता.

मी परत वळले तेव्हा माझी डायरी यांच्या मांडीवर उघडी होती. पेन माझं. पाट नाही, पट्टी नाही.

हे आईंना काढत होते. पण आई एक क्षण एका जागी राहतील तर शपथ. हे नाक काढायला जात, तोवर नाक पोंकवाल्याकडे वळलेलं असे. हाताला पकडायला जात, तोवर हात तोंडात. "माय, हालू नको," हे म्हणाले.

"मी हालू नको तर खाऊ कशी? तू काढ तुन्हं, मी खास मन्हं!"

मग पेन भराभर धावायला लागलं. एक रेघ मारली, आई हलल्या, तिच्यावरच दुसरी. मी दोन्ही हातांत ताटल्या धरून जागच्या जागी उभी राहिले. मला चित्र दिसत नव्हतं, पण डोळे दिसत होते, आणि मी ते डोळे वाचायला शिकले होते. पेन उजव्या काठाकडे चाललं. आईंनी तेवढ्यात शेव फेकायला हात लांब केला होता, पेन त्या हातामागे पळत होतं. काठ आला. पेन काठावरून खाली उतरलं, यांच्या पँटवर गुडघ्यापर्यंत एक निळी रेघ ओढली गेली, आणि डोळे आईंवरच होते. डावीकडे गेले नाहीत. यांनी पँटकडेही बघितलं नाही. पेन परत पानावर आलं आणि दुसरीकडेच कुठेतरी चालू लागलं.

ती पँट नवी होती. एरवी मी काय म्हणाले असते ते मला माहीत आहे आणि यांनाही. मी ताक आणायला गेले.

परत आले तेव्हा हे एकटेच हसत होते, खाली पानाकडे बघून. खांदे हलत होते. अंगठ्याला शाई लागली होती.

मी अगदी सहज, म्हणजे ज्या सहजपणाने मांजर ओट्यावर चढतं तितक्या सहज, बाकावर सरकले. "बघू?"

यांनी डायरी छातीशी धरली. "नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. दाखवणार नाही."

"माझी डायरी आहे ती!"

"पान माझं आहे." आणि आईंकडे हात केला, "माय, पिन दे."

आईंच्या बांगड्यांत कायम चारदोन सेफ्टी पिना अडकवलेल्या असतात. त्यांनी एक काढून दिली. यांनी त्या पानावर पुढचं पान दुमडून घेतलं आणि दोन्हींना मिळून पिन लावून टाकली. मग डायरी माझ्या हातात ठेवली, अगदी अदबीने.

मी नाटक केलं. मी हे कबूल करते की फार चांगलं केलं. मी पोंकवाल्याला साक्षीदार केलं, तापीला साक्षीदार केलं, रडवेली झाले, रागावले, शेवटी चुप बसले. हे पोंक खात होते. शेवेसकट. आणि मला आतून इतकं बरं वाटत होतं की तोंडावर राग टिकवणं अवघड जात होतं.

तेव्हापासून ती डायरी माझ्या पर्समध्ये आहे. मी तिच्यात पुढे पुष्कळ काढलं. शाळेची घंटा, भाभीची नवी शेगडी, एक रिक्षावाला जो रिक्षावाला आहे हे मलाच सांगावं लागतं. मधोमध पिन लावलेलं पान आहे. पिन साधी आहे. बोटाने उघडते. वर्गात मुलं उजळणी म्हणत असताना माझं बोट कितीदा तिच्यावर जाऊन बसतं. पण मी बघितलं की मी पार्टी झाले. मग ते पान पास तरी होईल, नापास तरी. म्हणून बोट उचलते आणि फळ्यावर काहीतरी लिहिते.

आईंनी मात्र बघितलं आहे. यांनी आईंना घरी येताच दाखवलं. दार लावून. आत दोघं हसत होते आणि मी बाहेर पोंक निवडत होते, जो निवडलेलाच होता.

परवा मी आईंना एकटं गाठलं. पायाला तेल चोळता चोळता विचारलं, "आई, कसं आहे हो ते चित्र?"

"कोनतं?"

"पिनवालं."

"तुले कसाले सांगू?"

"बरं, सगळं नका सांगू. एवढंच सांगा, मी त्यात कशी दिसते?"

आईंनी पाय ओढून घेतला आणि माझ्याकडे इतक्या मायेनं बघितलं की मला वाटलं आता सांगतीलच. "तू त्यामा शेच कोठे?" म्हणाल्या. "तू तर ताक लेवाले गयेल व्हती!"

आतल्या खोलीतून हे खो-खो हसल्याचं ऐकू आलं. म्हणजे कान इकडेच होते. थोड्या वेळाने बाहेर आले. हातात ती निळी डायरी होती, टीव्हीखालची, धूळ झटकलेली.

"तुझं ते पेन दे," म्हणाले.

"कशाला?"

"तुला काय करायचंय?"

मी पेन दिलं. टोपण माझ्याकडेच ठेवलं. ते मागायला तरी यावं लागेलच.